आईची साक्ष चालत नाही

मोठ्या दिरांचा तंबू दिसायला लागला तशी उम्सिन घोडीवरून उतरली. सासरच्या मोठ्या माणसाच्या दाराशी सुनेने घोडीवर बसून जायचं नसतं. गेल्या कित्येक वर्षांत तिने या दिशेला तोंडसुद्धा केलं नव्हतं, तरी पाय आपोआप रिकिबीतून निघाले. मागून तिचा मुलगा मेदेउ उतरला. विशीतला, बापासारखा उंच आणि बापासारखाच तोंड मिटून राहणारा.

"टोपी नीट कर," ती म्हणाली.

"नीटच आहे."

"मग तोंड नीट कर. मयताला आल्यासारखा दिसतोयस."

"आई, मला नाही यायचं. बाबा जाताना काय म्हणाले होते? त्याने बोलावल्याशिवाय त्याच्या कुरणात पाय ठेवायचा नाही."

"तुझे बाबा सुटले. मला अजून जगायचंय," उम्सिन म्हणाली आणि घोडीचा लगाम ओढत चालू लागली.

काल निवाड्याची बैठक झाली होती. जानुझाकचा काळा घोडा गारपिटीच्या दिवशी भरदुपारी, गारा पडत असतानाच, नदीपलीकडच्या कुरणातून चोरीला गेला, आणि आळ मेदेउवर आला. निवाडा करायला तैलाक बिय, या भागाचा न्यायाधीश, बसला होता. या डोंगरांत त्याने किती भांडणं मिटवली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण त्याच्यापुढे साक्ष द्यायला उठलेला माणूस खाली बसताना स्वतःच्याच शब्दांकडे संशयाने बघायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आधी जानुझाकचा गुराखी उठला. मेदेउचा करडा घोडा मी पाहिला, म्हणाला.

"घोडा पाहिलास की वरचा माणूस?" बियने विचारलं.

"घोडा. लांबून."

"या खोऱ्यात करडे घोडे किती असतील? शिवाय तू जानुझाकचं मीठ खातोस. बस खाली, बाळ."

दुसरा म्हणाला, बाजारात सगळे मेदेउचंच नाव घेत होते. बिय म्हणाला, "मग ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला बाजारातून घेऊन ये. ऐकलेलं मला नको, ते मीही ऐकलंय." मेदेउचा दूधभाऊ उठला, त्याला तर तोंडच उघडू दिलं नाही. शेवटी उम्सिन उठली.

"आईची साक्ष चालत नाही, बाई," बिय शांतपणे म्हणाला. "बस."

अशा चाळणीतून दोन्ही बाजूंचं सगळं गळून गेलं की उरते शपथ. ती आरोपीने घ्यायची नसते, जीव वाचवायला कुणीही शपथ घेईल. ती घ्यायची त्याच्या नात्यातल्या एका माणसाने, आणि तो माणूस निवडायचा फिर्यादीने. त्याने पूर्वजाच्या कबरीवर हात ठेवून सांगितलं की हा निर्दोष आहे, तर विषय कायमचा संपला. त्याने नकार दिला, तर आरोपी चोर. चोर ठरलेल्या माणसाबरोबर कुणी कळप चारत नाही, त्याला कुणी मुलगी देत नाही. आणि शपथ खोटी निघाली, तर ती घेणाऱ्याच्या घरातलं लहान मूल जातं. यावर वाद घालणारा माणूस या डोंगरांत अजून जन्मलेला नव्हता.

सगळ्यांना वाटलं होतं, जानुझाक सागिंदिकचं नाव घेईल. चुलतदीर सागिंदिक जेवायच्या आधी एक आणि जेवल्यावर दोन शपथा घेणारा माणूस. पण जानुझाक मूर्ख नव्हता. त्याने नाव घेतलं मेदेउच्या सख्ख्या काकाचं, ओतेगेनचं. हिवाळी कुरणाच्या वाटणीवरून भाऊ भावाशी बोलायचा थांबला होता आणि तो अबोला धाकट्याच्या मरणापर्यंत टिकला होता. पुतण्याला वाचवायचं ओतेगेनला काही कारण नव्हतं, आणि तो खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

\*

तंबूत सागिंदिक आधीच येऊन बसला होता आणि कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, दुसरा वाडगा संपवत होता.

"ये, ये, वहिनी! मी दादाला तेच सांगतोय. दोन शब्द बोलायचे, कबरीला हात लावायचा, आणि घरी येऊन मेंढी कापायची. एवढं काय त्यात?"

"मग तूच का नाही घेत?" ओतेगेनची बायको बाल्जान म्हणाली. ती चामड्याच्या बुधल्यातलं कुमिस घुसळत होती, जरा जास्तच जोरात.

"मला कुणी निवडलं तर ना, वहिनी! हा माझा अपमानच आहे खरं तर."

उम्सिनने दाराशी गुडघा टेकून नमस्कार केला. ओतेगेनने मान हलवली आणि समोरची जागा दाखवली. बाल्जानने दोन वाडगे भरून ठेवले, तळलेल्या बाउरसाकची ताटली पुढे सरकवली, पण जावेकडे बघितलं नाही. तिच्या मागे पाळण्यात नातू झोपला होता. त्याच्या आधीची दोन्ही टिकली नव्हती, म्हणून याचं नाव तोक्तार ठेवलं होतं. थांब, राहा, असं सांगणारं नाव.

"भावजी," उम्सिन म्हणाली. दिरांचं नाव तिच्या जिभेवर यायचंच नव्हतं. "मी मागायला आलेय. मान खाली घालून आलेय."

"मागायचं काही नाही," ओतेगेन म्हणाला. "मला फक्त कळायला हवं. मेदेउ, त्या दिवशी कुठे होतास?"

मेदेउ वाडग्यात बघत राहिला.

"तो घरी होता," उम्सिन घाईने म्हणाली. "माझ्यासमोर. गारा पडायला लागल्या तेव्हा मी त्याला तंबूच्या नमद्याचा फाटका कोपरा शिवायला बसवलं होतं. चूल साक्षीला आहे."

"काल बियने तुझी साक्ष घेतली नाही."

"नाही घेतली. आईची चालत नाही म्हणाले."

"त्यांच्यापुढे चालत नाही," ओतेगेन म्हणाला. "पण शपथ मी घ्यायची आहे. आणि माझ्या तंबूत कुणाचं ऐकायचं ते मी ठरवणार. तू बोल. पाहिलंस तेवढंच बोल. गारा पडायला लागल्या तेव्हा तंबूचं वरचं तोंड उघडं होतं?"

"हो. चूल पेटलेली होती ना."

"मग झाकलं कुणी?"

"मी. बाहेर गेले, दोर ओढला आणि झाकलं."

"तू."

"मीच."

ओतेगेनने तिच्या हाताकडे बघितलं. त्याचा आवाज चढला नाही. उलट, लहान मुलाला बेरीज समजावताना होतो तसा तो मऊ झाला. "उम्सिन, तुझा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यात उंटावरून पडून निखळला. आत्ता वाडगा घेतलास तोही डाव्या हाताने. घरात तरणा मुलगा बसलाय, कोंबडीच्या अंड्याएवढ्या गारा पडतायत, आणि नमदा ओढायला तू बाहेर गेलीस?"

उम्सिनने वाडगा खाली ठेवला. उत्तर तिच्या मनात होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. त्या दिवशी मेदेउ घरी नव्हता. संध्याकाळी नखशिखान्त भिजून आला होता, आणि कुठे गेला होतास विचारलं तर जेवायला वाढ म्हणाला होता. रोज रात्री तिच्या मनात येत होतं की माझ्याच पोराने घोडा नेला असेल तर?

"नव्हता घरी," ती शेवटी म्हणाली. "कुठे होता, मला माहीत नाही."

"वहिनी!" सागिंदिकने कपाळाला हात लावला. "अगं, आता कशाला खरं बोलतेस?"

"बघा," बाल्जान उठलीच. "आई चुलीची शपथ घेऊन खोटं बोलते. आणि तुम्ही या पोरासाठी माझ्या तोक्तारला पणाला लावणार? तुमचे भाऊ नूरपेस गेले तेव्हा तुम्ही मातीला गेलात. बाहेर बसून राहिलात, आत या असं एकाने तरी म्हटलं का तुम्हाला? तेव्हा काका नव्हतात, आज बरे झालात!"

"जाऊबाई, त्या दिवशी मला भान नव्हतं..."

"आज आहे. आज काम आहे ना."

"बाल्जान," ओतेगेन म्हणाला.

"मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही. म्हणून तर थांब म्हणतोय." तो पुतण्याकडे वळला. "एकदाच विचारतो, मेदेउ. कुठे होतास?"

मेदेउ उठला. "मी घोडा नेला नाही, काका. याहून जास्त मी सांगणार नाही. तुम्हाला जे वाटेल ते उद्या करा. मी राग धरणार नाही."

आणि तो बाहेर पडला.

\*

बाहेर ऊन होतं. तंबूसमोर दोन खुंट्यांमध्ये लांब दोर ताणलेला होता आणि त्याला शिंगरं बांधलेली होती. दिवसभर शिंगरं इथे बांधलेली राहतात, मग घोड्या लांब जात नाहीत आणि दूध काढता येतं. मेदेउला लवकर घोड्याकडे जायचं होतं. डोळे भरून आले होते आणि तंबूतून कुणी बघू नये असं त्याला वाटत होतं.

दोराच्या मध्यावर दोन नर शिंगरं एकमेकांना चावत होती. एकाच्या मानेवरचे केस ओले झाले होते. मेदेउ थांबला. काय करतोय हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याने एका नराची गाठ सोडली, पलीकडची मादी सोडली आणि दोघांची अदलाबदल केली. मग पुढचीही एक जोडी तशीच बदलली. शिंगरं शांत झाली. त्याने बाहीने नाक पुसलं.

"हे काय केलंस?"

ओतेगेन दारात उभा होता.

"काही नाही, काका. चावत होती. नराशेजारी नर बांधला की चावतात. बाबा नेहमी म्हणायचे, एक नर, एक मादी, एक नर, एक मादी."

ओतेगेनने दाराची चौकट धरली. असं बांधायची सवय त्यांच्या वडिलांची होती. नूरपेसने ती उचलली. ओतेगेनने स्वतः ती कधी उचलली नव्हती, त्याला हाताला येईल ते शिंगरू बांधायची घाई असायची. आणि तरीही, या उन्हाळ्यात एकदा, एकाच दिवशी, त्याने आपल्याच दारात शिंगरं अशी बांधलेली पाहिली होती. त्या संध्याकाळी तो व्याह्यांकडच्या मेजवानीहून परतला होता. वाटभर पांढऱ्या गारा पडल्या होत्या. दोरापाशी तो घोड्यावरच थबकला होता, वडील आत्ताच तंबूत गेले असावेत असं वाटून.

त्या दिवशी शिंगरं तूच बांधलीस का, हा प्रश्न त्याच्या तोंडाशी आला, आणि त्याने तो गिळला. लहानपणी वडिलांनी त्याला तैलाक बियच्या बैठकीला नेलं होतं. तिथे बिय एका वकिली करणाऱ्या माणसावर खेकसला होता, "उत्तर तूच प्रश्नात घालून देतोस, मग साक्षीदाराला कशाला उठवलंस?" तेव्हापासून ओतेगेनला ते लक्षात होतं.

म्हणून त्याने एवढंच विचारलं, "या दारात तू याआधी कधी आला होतास?"

मेदेउने शिंगराच्या मानेवरून हात फिरवला.

"एकदा."

"सांग. माझ्याकडे बघू नकोस हवं तर. शिंगरांकडे बघून सांग."

"मी डोंगराच्या धारेवर होतो. वीज कडाडली आणि खाली तुमचा दोर उपटला गेलेला दिसला. शिंगरं उधळली, त्यांच्यामागे घोड्या. दरीकडे चालल्या होत्या. तंबूत कुणी नव्हतं, गडी मेंढ्यांकडे असावा. मी खाली उतरलो आणि सगळ्यांना वळवून आणलं. गारा पडतच होत्या."

"मग?"

"मग दोर पुन्हा ताणला. एक खुंटी सापडली नाही. तुमच्या तंबूमागे मोडकं खोगीर पडलं होतं, त्याची फळी काढली आणि दगडाने ठोकली. शिंगरं बांधली आणि निघालो. नदी तोवर इतकी चढली होती की मला वरच्या पुलावरून वळसा घालून घरी जावं लागलं."

तंबूच्या आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. घुसळायची रवी बाल्जानच्या हातातून सुटली होती. ती बाहेर आली.

"फळी मी पाहिली होती," ती म्हणाली. "पितळेची कडी असलेली. माझ्या माहेरचं खोगीर होतं ते. दुसऱ्या दिवशी मीच उपटून टाकली आणि नवी खुंटी ठोकून घेतली. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. कुणाला सांगण्यासारखं होतं काय त्यात?"

ओतेगेन हळूहळू हसायला लागला. "आणि मी त्या गड्याला टोपी दिली! कोकराच्या कातड्याची, नवी कोरी! एवढ्या गारांत कळप राखलास, शाबास म्हणालो. तो म्हणाला, माझं कामच आहे ते, मालक!"

"टोपी परत घ्या," सागिंदिक मागून म्हणाला. "मला बसेल ती."

"गाढवा," ओतेगेन मेदेउला म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. "काल का नाही बोललास? आत्ता आत का नाही बोललास?"

"काल कुणी ऐकलं नसतं. मला पाहणारं तिथे कुणी नव्हतं. आणि आज..." मेदेउ घुटमळला. "आज सांगितलं असतं तर मी उपकार मोजून दाखवल्यासारखं झालं असतं. मी तुमच्या घोड्या राखल्या, आता तुम्ही मला राखा. बाबांना ते आवडलं नसतं. आणि त्यांनी इथे पाय ठेवू नको म्हणून सांगितलं होतं, तेही मी मोडलं होतं."

"मग का आलास खाली?"

"शिंगरं दरीत पडली असती, काका."

त्याने हे इतक्या सरळपणे सांगितलं की ओतेगेनला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. उम्सिन दारात उभी होती. डाव्या हाताने तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं. मुलाच्या मनावरचा जो भार तिला माहीत नव्हता तो उतरला होता, आणि तिच्या मनावरचा, जो तिने कुणाला सांगितला नव्हता, तोही.

बाल्जान मात्र आत निघून गेली. पाळण्यापाशी बसली. तिला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि आपलं मूल त्यावर ठेवणं वेगळं, हे नवऱ्याला सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. ओतेगेननेही ते मागितले नाहीत.

\*

सकाळी वडिलांच्या कबरीपाशी दोन्हीकडची माणसं जमली. तैलाक बिय नमद्यावर बसला होता. जानुझाक उभा होता, त्याच्यामागे त्याचे भाऊ. बाल्जान आली नव्हती.

ओतेगेनने रीतीप्रमाणे कमरेचा पट्टा काढून मानेभोवती टाकला आणि कबरीच्या मातीवर हात ठेवला.

"माझा भाऊ नूरपेस याचा मुलगा मेदेउ..."

"थांब," जानुझाक म्हणाला. "पुरे, ओतेगेन. तू हात ठेवलास, मला तेवढं बास झालं. शेवटचे शब्द बोलू नकोस. तुझ्या घरात लहान मूल आहे, मला माहीत आहे."

लोकांमधून बरं वाटल्याचा एक आवाज उमटला. असं सोडून देणं हा मोठेपणा मानला जातो, आणि जानुझाक खरोखर मनापासून बोलला होता.

ओतेगेनने हात उचलला नाही. "तू भला माणूस आहेस. पण मला पूर्ण करू दे. अर्धवट सोडलं तर लोक म्हणतील, जानुझाकने दया केली म्हणून पोर सुटलं. मला ते नको."

त्याने सगळे शब्द म्हटले. सावकाश, एकही न गाळता.

बिय उठला आणि त्याने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. "झालं. याउपर मेदेउचं नाव घोड्याबरोबर जो घेईल तो माझ्यापुढे येईल."

जानुझाकने येऊन मेदेउचा खांदा थोपटला. ओतेगेन त्याला म्हणाला, "तुझे आभार मानायचेत."

"माझे? मी तुझ्या पुतण्याला चोर म्हणालो."

"आणि मला निवडलंस. तू सागिंदिकचं नाव घेतलं असतंस तर हे पोर तसंही सुटलं असतं. पण माझ्या दारात आलं नसतं."

"मी ऐकतोय बरं का!" सागिंदिक म्हणाला, आणि बियसुद्धा हसला.

उम्सिन बियपाशी गेली आणि वाकली. "आबा, परवा तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. मला राग आला होता. तुमचे उपकार आहेत. मी खोटं बोलणार होते."

"माहीत होतं," म्हातारा म्हणाला. "तुझ्या आधी किती आया उठल्या असतील माझ्यापुढे. तो नियम आईवर विश्वास नाही म्हणून नाही गं केलेला. पोर आणि खरं, यातलं एक निवडायची पाळी तिच्यावर येऊ नये, म्हणून केलाय."

तेवढ्यात लोक बाजूला सरकले. चढावरून बाल्जान येत होती, धापा टाकत, तोक्तारला कडेवर घेऊन. शपथेच्या जागी लहान मुलाला कुणी आणत नाही, आणि ज्याच्या जिवावर शपथ घेतली त्याला तर कधीच नाही. एक म्हातारी पुटपुटली. बाल्जानने तिच्याकडे बघितलंही नाही. ती सरळ कबरीपर्यंत आली आणि सगळ्यांना दिसेल अशी नवऱ्याशेजारी उभी राहिली. मूल उन्हाने डोळे बारीक करून माणसांकडे टकमका बघत होतं.

 ओतेगेनला तिच्याकडे बघवलं नाही, त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

बाल्जान जावेकडे वळली. तिने मूल उचलून पुढे केलं, इतकं पुढे की उम्सिनला हात पसरावेच लागले.

"धर जरा," ती म्हणाली. "डाव्या बाजूला घे, तुझा खांदा दुखतो. मी चढून दमले."